एच६ वरचं प्यादं

माझ्या बुद्धिबळ इंजिनाचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या माझ्या प्रोग्रामचा, एक डाव मी जपून ठेवला आहे. तो १९८ चालींचा आहे आणि त्यातल्या शेवटच्या १४० चालींत पटावर जवळजवळ काहीच घडत नाही. पांढरा उंट इकडून तिकडे फिरतो, काळा राजा कोपऱ्यातल्या दोन-तीन घरांत येरझाऱ्या घालतो आणि माझं इंजिन दर चालीला लॉगमध्ये नोंदवत राहतं की आपण साडेचार प्याद्यांनी पुढे आहोत. समोरच्या इंजिनाने ६० व्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव दिला होता. माझ्या इंजिनाने तो फेटाळला.

डाव पाहिलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच पडलं: बरोबरी स्वीकारण्याचा तुझा नियम कच्चा आहे, तो आधी सुधार. मलाही तेच पटलं आणि त्या नियमाशी झगडण्यात माझा एक आठवडा गेला. पण प्रस्ताव फेटाळून माझ्या इंजिनाचं काहीच नुकसान झालं नव्हतं. तेव्हा स्वीकारला असता तरी अर्धा गुण, १३८ चालींनंतरही अर्धाच गुण. खरा अर्धा गुण त्याआधी दोन चाली, म्हणजे ५८ व्या चालीला गेला होता आणि तेव्हा लॉगमधला आकडा उलट वर चढला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

पटावर काय होतं

५७ चाली झाल्यावरची स्थिती अशी होती. (घरांची नावं: पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या पट्ट्या, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ या आडव्या ओळी.) पांढऱ्याचा, म्हणजे माझ्या इंजिनाचा, राजा बी४ वर, उंट ई४ वर, प्यादी जी५ आणि एच४ वर. काळ्याचा राजा जी७ वर आणि एकुलतं एक प्यादं एच६ वर. हे प्यादं काळ्याने नुकतंच एच७ वरून पुढे ढकललं होतं. चाल पांढऱ्याची. जवळ पट असेल तर ही सहा मोहरी मांडूनच पुढे वाचा, कारण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

पांढऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे जी प्याद्याने एच६ वरचं प्यादं मारायचं. काळा राजा लगेच उलट मारतो आणि पांढऱ्याकडे उरतात उंट आणि एच प्यादं. काळ्याकडे नुसता राजा. दुसरी वाट म्हणजे न मारता जी६ खेळायचं.

पहिल्या वाटेवर बरोबरी आहे आणि ती टाळता येत नाही. एच प्याद्याचा वजीर एच८ वर व्हायचा असतो आणि एच८ हे काळं घर आहे. पांढऱ्याचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा. त्यामुळे काळा राजा एकदा एच८ च्या आसपास पोचला की त्याला तिथून हुसकून लावायला कोणीच नाही. उंट त्या घराला हात लावू शकत नाही आणि पांढरा राजा फार जवळ आला तर स्टेलमेट होतं, म्हणजे शह नसताना काळ्याला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट ही जोडी बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलालाही पहिल्या वर्षा-दोन वर्षांत दाखवली जाते. काळ्याने एच६ ढकललं ते याच आशेवर.

दुसऱ्या वाटेवर विजय आहे. जी६ वरच्या प्याद्याला ई४ चा उंट आधार देतो, त्यामुळे पांढरा राजा सावकाश चालत येऊ शकतो. काळ्या राजाला फार लांब जाता येत नाही, कारण तो हलला की जी प्यादं पळतं. एक सरळ ओळ देतो: ५८ जी६ राजा एफ६, ५९ राजा सी५ राजा जी७, ६० राजा डी६ राजा एफ६, ६१ उंट डी३ (नुसती थांबायची चाल, आधार कायम) राजा जी७, ६२ राजा ई६ राजा एफ८, ६३ राजा एफ६ राजा जी८, ६४ उंट सी४ शह, राजा एफ८, ६५ जी७ शह, राजा ई८, ६६ जी८ वर वजीर. काळा मध्येच एच५ ढकलू शकतो. तेव्हा दोन एच प्यादी समोरासमोर अडकतात आणि पांढऱ्याने स्टेलमेट जपून खेळावं लागतं. डाव तरीही जिंकलेलाच राहतो.

या दुसऱ्या वाटेतली एक स्थिती मला फार आवडते. काळा राजा एच८ वर, पांढरा राजा एफ६ वर, उंट डी५ वर, प्यादं जी६ वर, चाल काळ्याची. राजाला घर नाही: जी८ वर उंटाचा मारा, जी७ वर राजाचा, एच७ वर प्याद्याचा. काळ्याकडे दुसरं काही नसतं तर हे स्टेलमेट होतं आणि अर्धा गुण त्याच्या खिशात. पण एच६ वर त्याचं प्यादं जिवंत आहे, त्याला चाल आहे, म्हणून ती खेळावीच लागते. एच५. मग जी७ शह, राजा एच७, जी८ वर वजीर आणि शह, राजा एच६, वजीर जी६ वर आणि मात. काळ्याला बुडवतं ते त्याचं स्वतःचं प्यादं. आणि माझ्या इंजिनाने ५८ व्या चालीला नेमकं तेच प्यादं पटावरून उचललं.

इंजिनाला काय दिसलं

त्या चालीला शोध १२ अर्धचालींपर्यंत गेला होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १२. वर दिलेल्या ओळीत वजीर सतराव्या अर्धचालीला होतो. तेवढ्यावर इंजिनाची नजर पोचत नव्हती, त्यामुळे निर्णय मूल्यमापनावर, म्हणजे नुसती स्थिती पाहून गुण देणाऱ्या माझ्या नियमांवर पडला. लॉगमध्ये मारण्याच्या चालीला ४.६ आणि जी६ ला ४.१ असे गुण होते.

मोहऱ्यांची नुसती बेरीज केली तर दोन्हीकडे सारखीच आघाडी आहे: उंटाचे तीन आणि एक प्यादं जास्त, म्हणजे चार. अर्ध्या गुणाचा फरक माझ्याच ओळींमधून आला होता. आघाडीवर असताना पट जितका रिकामा तितकं बक्षीस जास्त, असं मी लिहिलं होतं, पण त्यात मोहरी आणि प्यादी वेगळी धरली नव्हती. खेळाडूंना शिकवतात ते याहून बारीक असतं: पुढे असाल तर मोहरी बदला, प्यादी राखा. दुसरं, जी६ खेळलं की ते प्यादं समोरच्या राजामुळे अडलेलं दिसतं आणि अडलेल्या प्याद्याचे गुण मी कमी करत होतो. तिसरं, उंट एका कर्णाला जखडला जातो, त्याचीही वजावट होती. यातलं प्रत्येक कलम एरवी ठीक आहे आणि शेकडो डावांत उपयोगी पडलं आहे. इथे ती सगळी मिळून एका बाजूला झुकली आणि दुसऱ्या बाजूला उभं राहणारं, ही स्थिती बरोबरीची आहे हे सांगणारं, एकही कलम माझ्याकडे नव्हतं.

१४० चाली

मारामारीनंतर माझ्या इंजिनाने ५९ व्या चालीला उंट एफ३ वर आणला, म्हणजे काळा राजा एच५ वरून प्याद्याच्या मागे लागू नये. ती चाल अचूक होती. पुढे पांढरा राजाही चालत आला, काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथून डाव थांबल्यासारखा झाला.

एकाच स्थितीची पुनरावृत्ती इंजिन टाळतं, कारण तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की बरोबरी, म्हणजे त्याच्या मूल्यमापनात शून्य, हे त्याला ठाऊक असतं, आणि उंटाला रिकाम्या पटावर घरांची वाण नसते. पण ५० चालींचा नियम वेगळा. प्यादं न हलता आणि काही न मारता दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास चाली झाल्या की बरोबरी. प्रत्यक्ष स्पर्धेत खेळाडूला तसा दावा करावा लागतो. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत ७५ चालींना आपोआप बरोबरी ही तरतूद २०१४ पासून आहे. इंजिनांच्या सामन्यात मात्र पन्नास भरताच संचालन करणारा प्रोग्राम डाव थांबवतो.

१०२ व्या चालीपर्यंत आकडा ४.७ च्या आसपास हललासुद्धा नाही. मग पन्नासाची हद्द १२ अर्धचालींच्या टप्प्यात आली, उंटाच्या प्रत्येक चालीपुढे शून्य दिसू लागलं आणि इंजिनाने एच५ ढकललं. मोजणी पुन्हा एकपासून. आकडा परत ४.८. बरोबर ४५ चालींनी, १४८ व्या चालीला, एच६. आता पुढे ढकलण्यासारखं काही राहिलं नाही आणि पन्नास चाली पुन्हा भरल्यावर १९८ व्या चालीला डाव संपला.

लॉगच्या या भागापाशी मी खूप वेळ थांबलो. शून्य येताना दिसलं की इंजिन ते पुढे ढकलत होतं आणि पुढे ढकलता आलं यालाच आघाडी समजत होतं. यात आणखी एका गोष्टीचा हात होता. इंजिन एकदा तपासलेल्या स्थिती स्मृतीतल्या कोष्टकात साठवतं, पण ती स्थिती ओळखताना पन्नासाच्या मोजणीत आपण कुठे आहोत हे त्यात धरलेलं नसतं. दहाव्या चालीला साठवलेलं ४.७ चाळिसाव्या चालीलाही तसंच परत मिळतं. जवळपास सगळ्याच इंजिनांना ही अडचण येते. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे मोजणी जशी वाढेल तसे मूल्यमापनाचे गुण हळूहळू आटवत न्यायचे. स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिनही तसं करतं. माझ्या इंजिनात ते तेव्हा नव्हतं.

चुकीचं औषध

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते असं. आमचा सामना एक्सबोर्डच्या संदेशपद्धतीवर चालला होता. तिच्यात बरोबरीचा प्रस्ताव इंजिनापर्यंत पोचतो आणि इंजिन त्यावर उत्तर देऊ शकतं. यूसीआय ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत २००० साली आली. तिच्यात प्रस्तावाची सोयच नाही. तिथे निर्णय संचालक प्रोग्राम घेतो, तोही आकड्यांवर. उदाहरणार्थ, टीसीईसी या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेच्या अलीकडच्या हंगामांत ३५ व्या चालीनंतर दोन्ही इंजिनांचे गुण सलग पाच चाली शून्याच्या आसपास, ०.१५ च्या आत राहिले आणि मध्ये प्यादं हललं नाही की काही मारलं गेलं नाही, तर डाव बरोबरीत सोडवला जातो.

असे नियम चांगले चालतात, पण ते दोन्ही इंजिनांचं एकमत गृहीत धरतात. आमच्या डावात समोरचं इंजिन ०.०० सांगत होतं आणि माझं ४.७. कितीही उंबरठे बदलले तरी असा नियम इथे लागूच होणार नव्हता. तरी मी बदलले. प्रस्ताव आला आणि डाव ६० चालींच्या पुढे गेलेला असेल, तर दोन प्याद्यांपर्यंतची आघाडीही सोडून द्यायची, असं लिहिलं. पुढच्याच रात्रीच्या चाचणीत इंजिनाने हत्ती आणि दोन प्याद्यांच्या एका सरळ जिंकलेल्या डावात बरोबरी घेतली. दुसऱ्या दिवशी मी ते सगळं काढून टाकलं.

त्या दिवसांत १९९६ ची फिलाडेल्फियातली लढत सारखी आठवत होती. जगज्जेता कास्पारॉव्ह आणि आयबीएमचा संगणक डीप ब्लू यांच्या पाचव्या डावात २३ व्या चालीनंतर कास्पारॉव्हने बरोबरी देऊ केली. डीप ब्लूच्या चमूने ती नाकारली. कास्पारॉव्ह काळ्या मोहऱ्यांनी तो डाव ४७ चालींत जिंकला आणि लढत अखेर ४–२ अशी त्याच्याकडे गेली. नाकारण्याचा निर्णय टेबलाशी बसलेल्या माणसांचा होता. पण प्रस्ताव हातात असताना समोरची स्थिती पुढे कुठे जाणार हे नीट कळत नसेल, तर घेणं आणि नाकारणं दोन्ही अंदाजच, हे मला त्या डावावरून समजलं. माझ्या इंजिनाला स्थिती कळतच नव्हती, आणि मी मात्र उत्तर कसं द्यायचं ते त्याला शिकवत बसलो होतो.

ज्ञान कुठे ठेवायचं

खरी दुरुस्ती मूल्यमापनात होती. एका बाजूला उंट आणि फक्त कडेच्या एकाच पट्टीतली प्यादी असतील, वजीर होण्याचं घर उंटाच्या रंगाचं नसेल आणि बचाव करणारा राजा त्या कोपऱ्यापाशी असेल, तर आलेल्या गुणांना शून्याने गुणायचं. स्टॉकफिशच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या मूल्यमापनात हे अशाच गुणकांनी केलेलं होतं. पुढे तिथे न्यूरल नेटवर्क आलं आणि असे नियम हाताने लिहायची गरज संपत गेली. माझं इंजिन छोटं आहे, मला ते लिहावेच लागले.

हा गुणक लावल्याबरोबर ५८ व्या चालीचा प्रश्न सुटला. मारण्याची चाल तिसऱ्या-चौथ्या अर्धचालीलाच ०.०० दाखवू लागली, जी६ चे ४.१ तसेच राहिले आणि इंजिनाने जी६ निवडलं. वजीर अजूनही त्याला दिसत नव्हता. दुसरी वाट बंद आहे एवढं कळणं पुरेसं होतं. बरोबरीच्या ज्ञानाचा मोठा उपयोग बरोबरी झाल्यावर नसतो, तो तिच्याआधीच्या वळणावर असतो. तिथे ते ज्ञान शोधाच्या फांदीत असेल तरच चाल बदलते.

पहिल्या प्रयत्नात मात्र मी नियम सैल लिहिला: कोपऱ्यापासून राजा दोन घरांत असला तरी चालेल. ते चुकीचं निघालं, आणि चूक बघण्यासारखी आहे. काळा राजा एफ८ वर, पांढरा राजा एफ६ वर, उंट ई४ वर, प्यादं एच६ वर, चाल पांढऱ्याची. काळा कोपऱ्यापासून दोनच घरं लांब आहे. पण पांढरा उंट एच७ वर गेला की जी८ चं दार बंद होतं. काळ्याला ई८ वर जावं लागतं, पांढरा राजा जी७ वर येतो, उंट बाजूला होतो आणि प्यादं निवांत पुढे जातं. तीच मोहरी, पण चाल काळ्याची असेल तर राजा जी८ वर जातो आणि बरोबरी. एका चालीच्या फरकाने निकाल बदलतो अशा जागी ठोक नियम लावू नये. मी अंतर एका घरावर आणलं आणि बाकीचं शोधावर सोपवलं.

हे सगळं हाताने का लिहायचं, एंडगेमची कोष्टकं, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या प्रत्येक स्थितीचा आधीच काढून ठेवलेला अचूक निकाल, का नाही वापरली, हा प्रश्न रास्त आहे. रोनाल्ड डी मान यांची सिझिजी कोष्टकं २०१३ पासून सगळ्यांना खुली आहेत. पाच मोहऱ्यांपर्यंतची सगळी मिळून एक गिगाबाइटच्या आत बसतात. सहा मोहऱ्यांची सुमारे १५० गिगाबाइट आणि २०१८ मध्ये पुरी झालेली सात मोहऱ्यांची १६ टेराबाइटहून जास्त. एच६ वर मारल्यावर चारच मोहरी उरतात, म्हणजे सर्वांत छोट्या कोष्टकानेही माझा डाव वाचला असता. पुढे मी ती जोडलीसुद्धा. पण चुकीच्या उंटाची भानगड पटावर दहा मोहरी असतानाच आकार घेऊ लागते आणि तिथे कोष्टक अजून बोलत नसतं.

कोष्टकं आल्यावर काय झालं

एक नवीच गोष्ट झाली. बरोबरीच्या स्थितीत कोष्टक प्रत्येक सुरक्षित चालीला शून्य देतं, त्यामुळे इंजिनाला सगळ्या चाली सारख्याच. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती हा एंडगेम घ्या. बहुतेक स्थितींत तो बरोबरीचा आहे, पण बचाव इतका कठीण की तयारीचे खेळाडूही तो हरतात. माझं इंजिन अशा स्थितीत तिसऱ्याच चालीला उंट देऊन मोकळं झालं. हिशेबाने शून्य ते शून्यच राहिलं, पण समोरच्याने चुकण्याची वाट कायमची बंद झाली.

यावर उपाय साधा निघाला. मुळाशी, म्हणजे प्रत्यक्ष खेळायच्या चाली निवडताना, कोष्टकाने फक्त हरणाऱ्या चाली गाळायच्या. उरलेल्यांतून नेहमीच्या मूल्यमापनाने सर्वांत त्रासदायक चाल शोधायची. असा डाव इंजिन आता चिकाटीने खेळतं.

आणि इथे पोचल्यावरच बरोबरीच्या प्रस्तावाचा प्रश्न मला नीट विचारता आला. प्रस्ताव घेणं म्हणजे हातातला अर्धा गुण आणि पुढे खेळून सरासरीने मिळेल तो गुण यांची तुलना. एका आकड्यातून ती करता येत नाही. जिंकण्याची शक्यता शून्य, बरोबरी शंभर टक्के आणि हार शून्य अशी एक स्थिती. जिंकणं चाळीस, बरोबरी वीस, हार चाळीस अशी दुसरी. सरासरी दोन्हींची अर्धा गुणच. पहिलीत प्रस्ताव घेऊन टाकावा. दुसरीत समोरचा कोण आहे, घड्याळात किती वेळ आहे, सामन्यात काय हवं आहे, यावर सगळं ठरतं. लीला या न्यूरल नेटवर्कवरच्या इंजिनासारखी इंजिनं या तिन्ही शक्यता वेगवेगळ्या सांगतात ते याचसाठी मोलाचं आहे. स्टॉकफिशनेही १५.१ या आवृत्तीत अधिक एक गुण म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्मी, असं आपलं मापच बांधून घेतलं.

बरोबरी हा शब्द नियमांवरही अवलंबून आहे, हे इथेच सांगायला हवं. दोन उंट विरुद्ध घोडा हा एंडगेम योग्य बचावाने बरोबरीत सुटतो असा समज फार जुना होता. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांच्या संगणकाने दाखवलं की तो सहसा जिंकता येतो, पण त्याला ६६ पर्यंत चाली लागू शकतात. फिडेने काही एंडगेमसाठी पन्नासची मर्यादा वाढवली आणि पुढे पुन्हा सगळीकडे पन्नासच ठेवली. म्हणून सिझिजी कोष्टकांत निकाल तीन नाहीत, पाच आहेत: जिंकणं, हरणं, बरोबरी, शिवाय पन्नासच्या नियमामुळे हुकणारं जिंकणं आणि त्याच नियमामुळे वाचलेली हार. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्रबुद्धिबळात कोष्टकातला विजय पन्नास चाली ओलांडत असला तरी मान्य होतो. एकच स्थिती, त्याच चाली, आणि एकीकडे प्रस्ताव घ्यायचा तर दुसरीकडे नाकारायचा.

आताचा नियम

आज माझं इंजिन प्रस्ताव आल्यावर गुण किती याआधी प्रगती होते आहे का ते बघतं. कोष्टकात बरोबरी असेल आणि समोर इंजिन असेल, तर लगेच घेतं. प्रस्ताव देणाऱ्या इंजिनाला स्थिती कळलेली असते असं मी धरून चालतो. समोर माणूस असेल तर आणखी काही चाली खेळतं. कोष्टकाबाहेर असेल, तर गेल्या वीस चालींत प्यादं हललं का, काही मारलं गेलं का आणि आटवलेला गुण चढतो आहे की उतरतो आहे हे तपासतं. वीस चाली नुसत्या उंटाच्या फेऱ्या आणि गुण उतरता, तर आघाडी कितीही दिसो, बरोबरी घ्यायची. जुना डाव या नियमाने पुन्हा खेळवला. ५८ व्या चालीला मी मुद्दाम चुकीची चाल लादली, चुकीच्या उंटाचा गुणक आणि कोष्टकं दोन्ही बंद ठेवली आणि समोरच्या इंजिनाला दर दहा चालींनी प्रस्ताव द्यायला लावला. इंजिनाने ८० व्या चालीला बरोबरी घेतली.

मग उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजाला मात करण्याची चाचणी लावली. तिथे प्यादं नसतंच, मारायलाही काही नसतं आणि अचूक खेळूनही मात व्हायला ३३ पर्यंत चाली लागू शकतात. वीस चाली झाल्या, गुण थोडासा उतरलेला होता, प्रस्ताव आला आणि इंजिनाने जिंकलेला डाव बरोबरीत दिला. प्रगती तिथे होत होती. काळा राजा कडेला ढकलला गेला होता आणि उंटाच्या रंगाच्या कोपऱ्याकडे सरकत होता, पण माझी व्याख्या ते मोजत नव्हती. आता पटावर प्यादी नसतील तर हारणारा राजा कडेपासून आणि त्या कोपऱ्यापासून किती लांब आहे, हेही धरलं जातं. चाचणीच्या फायलीत ही स्थिती एच६ च्या स्थितीला लागूनच ठेवली आहे. एक बदल केला की दोन्ही एकदम चालवतो.